चोवीस तासांचा कॅन

...आणि वर एक थेंबही वाया जाता कामा नये म्हणे. चोवीस तासांची लघवी, सगळीच्या सगळी, पाच लिटरच्या कॅनमध्ये. आता तुम्हाला सांगतो, मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, दिवसभर शिडीवर, कॅन काय गळ्यात बांधून फिरू? पण दमलेला माणूस वाद घालत नाही. बरं म्हटलं.

झालं काय, दीड महिन्यापूर्वी ताप आला, गेला, मग दात घासताना हिरड्यांतून रक्त, पायांवर जांभळे ठिपके, ते मी रंगाचे समजून रॉकेलनं पुसत बसलो, जातायत कुठले. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून शांतपणे म्हणाल्या, "एचआयव्ही आहे. लागण अलीकडचीच दिसते. त्यानंच प्लेटलेट कमी झाल्यात आणि किडनीतून प्रोटीन गळतंय. किती गळतंय ते कळलं की गोळ्या ठरवू. गोळ्यांनी दोन्ही सुधारतं, बहुतेक." त्या 'बहुतेक'चीच धास्ती बसली हो, रडलो जिन्यात. आणि दादाला काय सांगायचं? थोरला भाऊ, धंदा एक, शिडी एक... "उष्णता झालीय" म्हणालो. "पाणी पी" म्हणाला. बरं म्हटलं.

मग कॅन ठेवला कुठे? ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनच्या कॅनांच्या रांगेत. अक्कल गहाण, दुसरं काय. शिडीवरून उतरतो तर दादानं माझा कॅन बादलीत ओतलेला, त्यात बारा ब्रश बुडवलेले, आणि स्वतःशीच कुरकुरतोय, "हल्ली टर्पेंटाइनमध्ये काही दम राहिला नाही, वासही भलताच."

आता काय लपवणार? सांगितलं सगळं. दादा आपले हात बघतोय. मी म्हटलं, दादा, लघवीतून नाही लागत रे हे. तर म्हणतो, "लागण्याचं कोण विचारतंय गाढवा? तुझी तपासणी मी सांडली ना." डोळे भरलेले त्याचे. "उद्या पुन्हा भर. बघतो कोण हात लावतो ते." बरं म्हटलं.

तर आता लॅबच्या रांगेत उभा... कॅन पिशवीत मावत नाही, आणि त्यावर दादानं लाल ऑइलपेंटनं, पिवळी सावली देऊन, ठसठशीत लिहिलंय, 'धाकट्याची लघवी. कृपया हात लावू नये.' सगळी रांग वाचतेय, एक आजोबा तर चष्मा न लावता. आजार एक वेळ लपवता येतो हो, पण दादाचं अक्षर चौकापलीकडून वाचता येतं, त्याला काय करणार...