कुंडी क्रमांक चौदा

आदरणीय अध्यक्ष धर्मेंद्रजी, प्रमुख पाहुण्या डॉ. प्रतिक्षाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी प्राध्यापक, आणि खुर्च्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे विद्यार्थी,

चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज तुम्ही मला शाल दिलीत, रोपटं दिलंत, आणि इतकं गोड बोललात की हा माणूस कोण, असा मलाच प्रश्न पडला. मनापासून आभार. पण रोपटं हातात आलं आणि माझं डोकं फिरलं. का, ते सांगितल्याशिवाय मी माईक सोडणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये याच सभागृहात आपण तरुण वनस्पतीशास्त्रज्ञांचा मेळावा भरवला. कशासाठी? नुकत्याच संशोधनाला लागलेल्या पोरापोरींच्या ओळखी व्हाव्यात, त्यांचं काम मोठ्यांनी पाहावं म्हणून. झालं काय? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग सत्कारच सत्कार. मंचावर आम्ही सतरा जण, सगळे पन्नाशीपुढचे! पोरांना काम दाखवायला ठेवलेली वीस मिनिटं भाषणांनी खाल्ली.

त्यात हारतुरे नकोत, रोपं देऊ, अशी थोर कल्पना निघाली. रोपांची गाडी आलीच नाही. कोणीतरी म्हणालं, मागच्या कुंड्या आणा. आमचे शिपाई डोमाजी चाचरले, "सर, त्या शुभांगीबाईच्या हायेत जी." कोण ऐकतो? कुंड्यांवरच्या नाव-नोंदीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, रिबिनी बांधल्या. वनस्पतीशास्त्राच्या विभागात, रोपांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या!

त्या कुंड्यांत देवधान होतं. तलावात आपोआप उगवणारा रानभात. अड्याळकडचे तलाव कमरेएवढ्या पाण्यातून पालथे घालून माझ्या संशोधक विद्यार्थिनीनं, शुभांगीनं, तो गोळा केला, तीन वर्षं जपला. त्या मेळाव्यालाही पाहुण्या होत्या त्या प्रतिक्षाताईंना तो दाखवून पुढच्या कामासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मागायची, एवढंच तिच्या मनात होतं.

ती दारातून मला म्हणाली, "सर, माह्या कुंड्या काहून वाटून राहिले?"

मी काय म्हणालो? "कार्यक्रम होऊ दे, मग पाहू." आणि माझी कुंडी घेतली. फोटोत हसतो आहे मी. लाज वाटते.

ताईंना गाडी गाठायची होती, त्या निघून गेल्या. पोरगी दोन दिवस ऑटोनं भंडाराभर फिरली. एकाकडची कुंडी शेळीनं फस्त केली होती; बाकीच्यांना "ते गवत" कुठे ठेवलं तेही आठवेना. वाचली एकच, माझ्या घरची. तिच्या बुडाशी रंगानं चौदा लिहिलेलं होतं, म्हणून ओळख तरी पटली. त्या एका कुंडीचं बी शुभांगीनं आज पाकिटात आणलं आहे.

अध्यक्ष महोदय, आजच्या पाहुण्या म्हणून प्रतिक्षाताईंना मी सुचवलं, ते उगाच नाही. माझ्या भाषणाला अर्धा तास आहे, त्यातली पाच मिनिटं मी घेतली. उरलेली तिची. शुभांगी, वर ये, माझ्या खुर्चीवर बस. डोमाजी, माईक जरा खाली करा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. आपल्याला काही लागलं असेल, तर ते लागावं म्हणूनच बोललो. माफी मला मागायची आहे ती शुभांगीची, आणि तीही तिचं बोलून झाल्यावर.