सातव्या मजल्याचे सांधे

शहाद्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर एक म्हातारं जोडपं सुरतच्या गाडीची वाट पाहत होतं.

"हेमकांतनी माय, आते बी सांगस. पोऱ्याना त्या घरमा कायमनं राहानं नही. भिंती कारखानामा ओतेल, तठे आनीसन नुसत्या जोडेल. भूकंप उना म्हंजे?"

"पोऱ्या इंजिनेर शे. तो म्हनस, बिल्डिंग तपासेल शे."

"मी बी तपासी ना! सारंगखेडाना बजारमा घोडा लेताना मी काय दखस?"

"पायना सांधा."

"मंग! मागली खेपले मी तसाच भिंतना सांधा काठीनं ठोकी दखा."

"ती ठकठक ऐकीसन शेजारनी भाविका 'भूकंप, भूकंप' करत पळनी. बठ्ठा बिल्डिंगना लोके पळत खाले. आनि सगळास्ना पुढे कोन?"

"...मी."

"सोता ठोकं आनि सोताच पळनात!"

"एकला नही पळनू. तुन्हा हात धरेल व्हता."

"धरेल व्हता. सात मजला. बठ्ठा लोकेस्ना समोर."

"घाबरेल व्हतू ना."

"लगीनपासून घोडास्ना लगाम धरात, मन्हा हात कधीच धरा नही."

गाडी लागली.

"आते? बसानं का घर जानं?"

"बसानं. तुमनी काठी लिन्ही ना?"

"लिन्ही. कसाले?"

"घर गयात का पहिले सांधा ठोका."