बोटभर बर्फ

कुलाश : टाच टेकवू नकोस! अख्खं पाऊल ठेव, सपाट ठेव, अरे सप... गेला. आपटलाच.

एर्देन : वहिनी, मी ठीक आहे! तू इकडे ये. ये ना! खाली बघ, गवताचं पातं न् पातं दिसतंय. रानदवण्याचं बी दिसतंय! काचेच्या पेटीत मांडून ठेवल्यासारखं!

कुलाश : दिसतंय की. मेंढ्यांनाही दिसतंय. उजाडल्यापासून वरून जिभा घासतायत. पेटीचं झाकण तेवढं उघडून दे त्यांना.

एर्देन : अगं, चार वर्षं हवामानाच्या कचेरीत काढली, नकाशावर शंभरदा बघितलं, पण असलं पायाखाली कधी नाही! कसं झालं माहितीय? काल संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला होता ना? तो गरम वारा वर चढून बसला आणि थंडी खाली अडकली. वरून पाऊस पाऊस म्हणूनच निघाला. खाली उणे पाच! तरी थेंब गोठला नाही. त्याला गोठायला टेकायची जागा लागते. गवताला टेकला, पसरला, मग गोठला. सावकाश. म्हणून आतली हवा निसटून गेली. हवा अडकली तर बर्फ पांढरा होतो.

कुलाश : बादलीत होतं तसंच. कडेला काच आणि मधोमध पांढरं.

एर्देन : तेच! अगदी तेच! तुला कुणी सांगितलं?

कुलाश : बादलीनं. आणि तुझ्या कचेरीनं काय सांगितलं होतं रे काल? 'हलका पाऊस, चिंतेचं कारण नाही.' हाच हलका पाऊस ना? विजेच्या तारा मनगटाएवढ्या जाड होऊन पडल्यात. चाऱ्याचा ट्रक घाटाखाली आडवा झालाय. ड्रायव्हर म्हणे रस्ता नुसता ओला समजला.

एर्देन : तोच तर याचा धोका, वहिनी! दिसतच नाही. हिम पडलं की माणूस जपून चालतो. हे वाटतं पाणी.

कुलाश : थंडी किती दिवस?

एर्देन : ते वाऱ्यावर आहे.

कुलाश : एर्देन, तुला विचारतेय मी.

एर्देन : आठ. दहाही.

कुलाश : गोठ्यात चारा चार दिवसांचा. तोही अर्धपोटी. दोनशे ऐंशी मेंढ्या, सगळ्या गाभण, तीन आठवड्यांवर विणं आलंय. आणि आत्ता त्या बर्फ चाटतायत. बर्फ चाटलेली मेंढी गाभडते, हे तुझ्या नकाशात असतं का?

एर्देन : मी फोडतो की! पहार दे.

कुलाश : फोडशील तासभर, आणि केवढं फोडशील? सतरंजीएवढं. बरं, तुझी ती लाडकी बर्फगाडी कुठाय?

एर्देन : ती... तिला खाली हिम लागतं. नुसत्या बर्फावर पट्टा जागच्या जागी फिरतो आणि इंजिन तापतं.

कुलाश : वा! तुझे दादा असताना सतरा घोडे होते दारात. असला बर्फ पडला की आधी घोडे सोडायचे. ते खुरानं फोडायचे, वरवरचं खायचे, मागनं मेंढ्या. माझ्या सासऱ्यांनी असंच केलं, त्यांच्या बापानं असंच केलं. आणि तू शहरातून आलास, म्हणालास, वहिनी, घोडे विकू, गाडी घेऊ, गाडी गवत खात नाही.

एर्देन : तू हो म्हणालीस.

कुलाश : म्हणाले. दादा गेल्यावर तूच एक घरातला पुरुष, म्हणून म्हणाले. त्याचीच चीड येतेय मला, तुझी नाही. थांब, फोन वाजतोय. तालुक्याच्या कचेरीतला साहेब असेल... हां, बोला... हो, मीच, कुलाश. सकाळी अर्ज मीच केला... चारा हवाय, साहेब. रस्ता मोकळा करून चारा... हिम? हिम नाही. बर्फ... किती सेंटिमीटर? बोटभर... बोट म्हणजे बोट, साहेब, माझं, हे चुलीत भाजलेलं... तीस सेंटिमीटरच्या वर असेल तरच संकट? आणि हे काय, सण आहे?... फोटो पाठवला ना... काय दिसतं म्हणालात?... ओलं गवत. छान चराऊ कुरण... अहो, बर्फ पारदर्शक आहे! आरपार दिसतं म्हणूनच... अर्जात त्याला रकाना नाही? मग रकाना काढा की एक! पट्टी नाही तुमच्याकडे?... हॅलो? हॅलो! ठेवला मेल्यानं.

एर्देन : चिडू नको, मी कचेरीतून दुसरा अर्ज...

कुलाश : चिडू नको? खुर्चीत बसून काच दिसत नाही म्हणून माझ्या मेंढ्यांनी मरायचं? आणि मी गप्प बसायचं? चल, बूट घाल. सार्सेनकाकांकडे जायचं.

एर्देन : तिकडे नको.

कुलाश : का नको? घोडे त्यांच्याकडेच आहेत. आपले सतराही त्यांनीच घेतले.

एर्देन : वहिनी, बारशाच्या जेवणात मी काय बोललो होतो ते आठवतंय ना? सगळ्यांसमोर?

कुलाश : 'सार्सेनकाकांचे घोडे म्हणजे बसून खाणारे पेन्शनर.' सगळे हसले. म्हातारा ताटातलं मटण तसंच टाकून उठला. आपल्याकडे माणूस ताटावरून उठतो म्हणजे काय, ते तुला माहीत होतं, तरी हसत होतास.

एर्देन : म्हणून तर...

कुलाश : म्हणून तर तूच पुढे चालायचं. अरे, हे कोण येतंय चढावर? बुटांवर मोजे चढवलेत!

सार्सेन : लोकरीचे आहेत. धरतात. तूही चढव, हवामानवाल्या. ढुंगण शेकून घेतलंयस असं ऐकलं.

एर्देन : सार्सेनकाका, तुम्ही! मी आत्ता तुमच्याकडेच...

सार्सेन : सूनबाई, तुमच्या त्या करड्या घोड्याला काय झालंय बघा. पहाटेपासून कुंपणाशी उभा. तोंड इकडे, तुमच्या कुरणाकडे. चारा टाकला तर हुंगलाही नाही. पंधरा हिवाळे इथंच फोडत आलाय ना.

कुलाश : काका, आत या. चहा घ्या आधी.

सार्सेन : चहा नंतर. काय हवंय ते सांगा.

कुलाश : घोडे हवेत. एकदाच नाही, थंडी जाईपर्यंत रोज. आणि मला ठाऊक आहे मी काय मागतेय. काच फोडताना घोट्याची कातडी सोलून निघते. तुमची जनावरं रक्तबंबाळ होणार, आणि पोट भरणार माझ्या मेंढ्यांचं.

सार्सेन : गाभण घोड्या देणार नाही. घसरल्या की पोटातलं जाईल.

कुलाश : गाभण नकोतच.

सार्सेन : मग राहिले तेवीस. माझं म्हणणं एवढंच, की हा बोलेल.

एर्देन : काका... त्या दिवशी मी... माझी जीभ घसरली. नाही. घसरली नाही. मला तसंच वाटत होतं. मला खरंच वाटत होतं की घोड्यांचं काम संपलं. मी शहरातून आलो, तुम्हाला हसलो, भावाच्या हातचे घोडे विकले. चुकलो.

सार्सेन : हं. जीभ घसरली म्हणाला असतास तर परत गेलो असतो.

एर्देन : तुमचे पाय धरतो.

सार्सेन : पाय धरू नको, दोघंही आपटू. पहार घे. माझ्या कुंपणापासून इथवर तीनशे पावलं उघडी जमीन आहे, आरसा झालाय. घोड्यांना नाल नाहीत. कुरणात गवत आहे, तिथं खूर रुततो. उताराला एकही घोडा पाय मोडून बसला तर त्याला तिथंच कापावं लागेल. ते मी करणार नाही, तू करशील.

एर्देन : मग काय करू?

सार्सेन : तू काच कशी होते सांगत होतास ना वहिनीला? खालपर्यंत ऐकू येत होतं. आता कशी मोडते ते शीक.

कुलाश : राखेचा ढीग आहे घरामागं, अख्ख्या हिवाळ्याचा! वरचा पापुद्रा फोडलास की आत कोरडी आहे. आणि गोठ्यातल्या सुक्या लेंड्या! पोती घे, एर्देन, सगळी पोती! पळ! पळू नको, चाल! सपाट पावलानं!

(दुपार. राखेची काळी वाट उतारावरून कुरणापर्यंत आली आहे.)

एर्देन : आला! वहिनी, करडा आला वाटेवर! मागं बघ, रांगेनं येतायत, एकामागं एक! एकही बाहेर पाऊल टाकत नाही!

सार्सेन : ओरडू नको. बुजतील.

एर्देन : ओरडत नाही! काका, तो थांबला. का थांबला?

सार्सेन : गप्प. बघतोय.

कुलाश : ओळखलंन् त्यानं. ते बघा, उजवा पाय उचलला.

एर्देन : हाणला! फुटला! केवढा आवाज! अरे, खिडकी फोडल्यासारखा! दुसराही, तो काळाही! सगळे सुटले! वहिनी, ऐक तरी, कुरणभर काचा फुटतायत!

कुलाश : मेंढ्या सोड! फाटक उघड! हळू, हळू, घोड्यांच्या मागनं. हां... खाल्लं. पहिलीनं खाल्लं, बघा, काका, तोंड खालीच आहे तिचं!

सार्सेन : दिसतंय मला. म्हातारा आहे, आंधळा नाही.

एर्देन : काका, करड्याच्या पायाला...

सार्सेन : रक्त. सगळ्यांना येईल. संध्याकाळी मेंढीची चरबी लावून फडकी बांधायची. तेवीस घोडे, ब्याण्णव पाय. तू बांधशील.

एर्देन : बांधीन.

सार्सेन : उद्याही.

एर्देन : उद्याही. सुट्टी वाढवतो. कचेरी गेली खड्ड्यात.

कुलाश : कचेरी म्हणालास ते बरं झालं. फोन दे इकडे. नाही, आधी फोटो काढ. इथूनच. करड्याच्या पायाशी वाक, तो बर्फाचा तुकडा, तो लाल झालेला, तो येऊ दे... गेला? आता लाव तालुक्याला... हॅलो, साहेब. कुलाश बोलतेय. दुसरा फोटो पाठवलाय, उघडा... हो, तेच कुरण. तेच गवत... ते लाल? रक्त आहे. घोड्यांचं... नाही, लांडगा नाही आला... हां. हां, तेच चकाकतंय ते. दिसलं ना आता?... किती सेंटिमीटर लिहू म्हणता?

सार्सेन : सूनबाई, शिवी देऊ नका. चारा यायचाय.

कुलाश : नाही देत... बोटभर, साहेब. सकाळी होता तेवढाच.