मामाचं नाक उघडलं

आमच्या तासगावच्या मामाचं ऐका. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देऊन देऊन त्याचं नाक कायमचं चोंदलेलं. सांगलीच्या डॉक्टरनं नाकात मारायला मिठाच्या पाण्याचा फवारा दिला, तर हा म्हणतो, "मिठाच्या पाण्याला डॉक्टर कशाला?" तरी मामीनं तो रोज मारायला लावला. पंधरा दिवसांनी मी चहाला गेलो, तर मामा नाक वर करून मामीला विचारतोय, "कसला गं हा वास?"

"तुमच्या सदऱ्याचा. गंधकाचा."

"कवापासनं येतोय?"

"लगीन झाल्यापासनं."

"मग एकदा तरी बोलायचं की!"

"आवं, तुमालाच धड दम घेता येत न्हवता, त्यात माझ्या नाकाचं काय सांगू?"

मामानं तिथंच सदरा उतरवला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः धुवायला बसला.