दोघांत एक प्लेअर

"आजी, एवढा जुना सीडी प्लेअर असा कोरा करकरीत कसा हो?"

रांगेत भेटलेल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हिंमत असेल तर त्या आजींना विचार. धाकटीने दुकानाच्या रांगेत पुढे प्लेअर घेऊन उभ्या असलेल्या आजी-आजोबांना बिनधास्त विचारलं. मागे आईबाबा होते. तिला आणि ताईला मिळून एक रेडिओवाला प्लेअर घ्यायचा होता, आणि आधी कोण ऐकणार यावरून घरात सकाळपासून रणकंदन चाललं होतं.

"वाजवला तर जुना होईल ना, बाळ! मी यातला रेडिओ लावला की यांना सीडी हवी."

"आणि मी सीडी लावली की हिच्या बातम्या बुडणार!"

"तुमची ती घसा खरवडणारी गाणी!"

"बघ, झाली सुरू. म्हणून कपाटात ठेवला."

"कपाटाची किल्ली माझ्याकडे."

"आणि बॅटऱ्या माझ्याकडे!"

"मग आज इथे कशाला आणलाय, आजोबा?"

"हा देऊन नवा घ्यायला."

"नवे दोन?"

"छे गं! घरात माणसं दोनच. एक पुरतो की."

धाकटी गर्रकन मागे वळली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. प्लेअर एकट्या ताईलाच घ्या. ती लावेल ते मी ऐकेन. निदान काहीतरी ऐकायला तरी मिळेल!"