मधुभाऊंनी मेणात ठेवलेली फट

उपस्थित सुहृदहो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या कुमुदवहिनी,

मधुकर सावंतांविषयी भूतकाळात बोलण्याचा दुर्धर प्रसंग माझ्या जिव्हेवर ओढवला आहे. एरवी अखंड वाचाळ असलेली ही जिव्हा आज असहकार करते आहे. तिला क्षमा असावी.

लालबागच्या आमच्या गाळ्यात मधुभाऊ आणि मी शेजारी बसून कवळ्या घडवल्या. दंतवैद्य तोंडाचा ठसा पाठवीत. आम्ही प्लास्टरचा साचा काढून मेणात एकेक दात बसवीत असू. परळ-गिरगावातली कितीतरी हास्ये आमच्या टेबलावरून मार्गस्थ झाली. हसणारे मात्र क्वचितच दिसले. परिचय काय तो जबड्यापुरता!

मधुभाऊंना तेवढा परिचय पुरत नसे. ते रुग्णाचे तारुण्यातले हसरे छायाचित्र मागवीत. त्यात पुढचा दात वाकडा असेल, तर वाकडाच लावीत. डॉक्टर फोनवर संतापत. मधुभाऊ शांतपणे म्हणत, "डॉक्टर, माणसाचे दात आहेत ते. कवायतीला उभे केलेले हवालदार नव्हेत."

मी सरळ दातांचा कट्टर पुरस्कर्ता. मी त्यांस 'वक्रदंताचार्य' ही उपाधी सन्मानपूर्वक प्रदान केली. ते म्हणाले, "पदवी ठेव रे, चहा सांग."

यंदा वहिनींचेच दात गेले. लग्नाच्या फोटोत त्यांच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. मधुभाऊंनी ती मेणात हुबेहूब ठेवली. वहिनी गाळ्यात आल्या, पाहिले, आणि पदराआडून कडाडल्या, "ह्या फटीपायी जन्मभर तोंडावर हात धरून हसलंय. आतातरी बुजवा!"

मधुभाऊ आपल्या मालवणीत म्हणाले, "बुजवलंय तर सकाळी चाय घेवन कोण परकी बाई इली, म्हणान मी बिचकतलंय."

वहिनी कवळी तोंडात न घालताच तरातरा निघून गेल्या. त्याच आठवड्यात मधुभाऊ गेले.

सुहृदहो, मेण आहे तोवर दात सरकवता येतात. कवळी पक्की झाली, की मग ते हलत नाहीत. त्या टेबलावर आता मी एकटाच आहे. सुरी माझ्या हाती, आणि दात सरळ करण्याची माझी उपजत खाज तुम्ही जाणता. पण ते हास्य माझे नव्हे. म्हणून काल घोडपदेवला त्यांच्या घरी जाऊन वहिनींना विचारले, "वहिनी, बुजवू?"

वहिनींनी मधुभाऊंच्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाल्या, "नको, भावजी. सकाळी फोटोपुढे चाय ठेवतंय. बिचकतले ते."

उद्या ती फट आहे तशीच पक्की होईल.

आता आम्हां वाचाळांनी ओठ मिटावेत हेच उचित. आपण सर्वांनी उभे राहावे, आणि क्षणभर शांत असावे.

वक्रदंताचार्य, साष्टांग नमस्कार. पदवी मी ठेवतो. चहा वहिनी ठेवणार आहेत.