नाव पडलं की

शिकागोच्या कोर्टात मुलाची तारीख होती म्हणून व्हर्नेटा सकाळपासून बसून होती. शेजारच्या बाकावर दोन थकलेल्या बहिणी थोरलीच्या मुलाबद्दल बोलत होत्या.

"डेरिलने पुन्हा चोरी केली?"

"पुन्हा कसली? ह्या वेळी पहिल्यांदाच केली."

"आणि ती सायकल?"

"मित्राला विचारून घेतली होती गं. पण पोलिसांनी धरलं आणि गल्लीत चोर म्हणून नाव पडलं. मग त्याला कुणी कामावर ठेवीना."

"तू तरी त्याच्या पाठीशी राहायचंस, ताई."

"मी? तो घरात आला की मी पर्स कपाटात ठेवायचे."

"त्याला कळलं?"

"एकदा त्यानंच कपाटाला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, 'आई, आता निवांत झोप.'"